नमुना सतराचा केस

१

“मॅडम, हा केस माह्या बायकोचा नोहे.”

रुपरावने रिपोर्टचं शेवटचं पान टेबलावर ठेवलं आणि त्यातल्या फोटोवर बोट टेकवलं. मे महिन्याची दुपार होती. कूलरच्या घरघरीत डॉ. अस्मिता दाणींना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

“म्हणजे?”

“हे पाहा ना. मुळाकडे पांढरा, मंग पुढं सारा काळा. कामिनी अठ्ठावीस वर्षांची होती. तिले एक बी पांढरा केस नव्हता. अन् रंग तं तिनं जल्मात लावला नाही.”

बुटीबोरीच्या पलीकडे एका गावात रुपरावचं वेल्डिंगचं दुकान होतं. त्याची बायको कामिनी जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं वितळवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. पोटात कळा येऊ लागल्या, मनगटं लुळी पडू लागली, तेव्हा तिने काम सोडलं. कारखाना म्हणाला, ही बाई फक्त पॅकिंगला होती, बॅटऱ्या फोडायच्या शेडमध्ये तिने पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. कामिनी म्हणत होती, आठवड्यातले चार दिवस आम्हा बायकांना तिथेच उभं करत. रक्त तपासलं तेव्हा काम सोडून पाच महिने झाले होते. रक्तात फारसं काही उरलं नव्हतं.

केसात मात्र उरतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि त्या त्या महिन्यात अंगात काय भिनलं होतं ते धरून ठेवतो. अस्मिताच्या नागपूरच्या प्रयोगशाळेचं हेच काम होतं. जानेवारीत तिने गावात जाऊन कामिनीचे केस घेतले, तुलनेसाठी गावातल्या आणखी एकोणीस बायकांचे घेतले. फेब्रुवारीत हे वीस नमुने इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर गेले. तिथल्या प्रखर क्ष-किरणांचा बारीक झोत केसावरून मुळापासून टोकापर्यंत फिरवला, की प्रत्येक धातू आपापल्या ऊर्जेचे किरण परत फेकतो आणि ओळख देतो. मार्चमध्ये अस्मिताच्या सहीने रिपोर्ट गेला : नमुना क्रमांक सतरा, शिसं आढळलं नाही. कामिनीची तक्रार निकाली निघाली. एप्रिलमध्ये कामिनी वारली.

“तुमाले हे पांढरं दिसलं नव्हतं का?” रुपरावने विचारलं.

“माझं लक्ष गेलं नाही,” अस्मिता म्हणाली.

ते खोटं होतं. फेब्रुवारीत हाच फोटो तिने पाहिला होता, ते पांढरं तिला दिसलंही होतं. दिव्याची चमक असेल म्हणून तिने पान उलटलं होतं.

२

रुपराव गेल्यावर तिने दार लोटून घेतलं आणि एका कागदावर तीन नावं लिहिली. गावातून आणलेलं पाकीट तिने स्वतः मुकुंदरावांच्या हातात दिलं होतं. मुकुंदराव भांडारपाल, नमुन्यांच्या कपाटाची किल्ली तेहतीस वर्षं त्यांच्याकडे. तिथून पाकीट तांत्रिक सहायक मिनलकडे गेलं. तिने केस चौकटीवर ताणून बसवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढला. चौकट इंदूरला नेली ऋषिकेशने, तिच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याने.

तीन हात होते, आणि तिन्ही तिच्या विश्वासाचे.

मिनल आली ती तयारीनेच.

“मॅडम, मी जे पाकिटात होतं तेच लावलं. मला नुसता नंबर माहीत राहते. सतरा नंबर म्हातारी आहे का पोरगी आहे, मला काय मालूम?”

“फोटो कधी काढलास?”

“लावला त्याच दिवशी. बावीस जानेवारी. कम्प्युटरवर तारीख आहे, पाहा ना.”

तारीख तीच होती. म्हणजे बावीस जानेवारीलाच पांढऱ्या मुळाचा केस चौकटीवर होता. अदलाबदल झाली ती इंदूरला नव्हे, इथेच, याच इमारतीत.

मिनल दारापर्यंत जाऊन थांबली. “आणखी एक सांगू का? कपाटात एकवीस पाकिटं आहेत. वहीत नावं वीसच. मी काकांना विचारलं तर म्हणाले, जास्तीचं कोरं आहे, राहू दे.”

मुकुंदराव नेहमीच्या शांतपणे आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. अस्मिता विद्यार्थिनी म्हणून इथे आली तेव्हा भट्टी कशी पेटवायची ते तिला त्यांनीच शिकवलं होतं. त्या दिवसांत त्यांच्या डब्यात एक पोळी तिच्यासाठी जास्तीची असे.

“किल्ली कोणाला दिली होती का, मुकुंदराव?”

“नाही.”

“आणि कोणता नंबर कोणाचा, ती वही?”

“माझ्याच ड्रॉवरमध्ये. पण मिनलला जागा ठाऊक आहे. ऋषिकेशलाही.” ते थोडं थांबले. “इंदूरला काय झालं, ते पाहिलं का तुम्ही?”

इंदूरचा प्रश्न मिटला होता, हे तिने त्यांना सांगितलं नाही. “हल्ली सकाळी उशीर होतो तुम्हाला,” ती म्हणाली.

“घरी थोडं काम असतं.”

“विहंग कसा आहे?” तिने त्यांच्या मुलाची चौकशी केली.

“बुटीबोरीकडेच आहे. कामात असतो.” ते उठले. “येऊ मी?”

ते गेले, आणि अस्मिताला आठवेना की त्यांच्या घरी आपण शेवटचं कधी गेलो होतो.

संध्याकाळी संगणकातल्या सामायिक फोल्डरमध्ये ती जुने कागद शोधत होती. तिथे तिला एक पत्र सापडलं. ऋषिकेशच्या नावाने होतं, आणि वर त्याच कारखान्याचा शिक्का होता.

३

“जानेवारीत बोलावलं होतं त्यांनी मला,” ऋषिकेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “क्वालिटीच्या विभागात जागा होती. मी गेलो नाही, मॅडम. नाही म्हणून कळवलंसुद्धा.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही म्हणाल्या असत्या, मग या कामातून बाजूला हो.”

ती तेच म्हणाली असती. आणि म्हणायलाच हवं होतं.

“सतरा नंबर कामिनीचा आहे, हे तुला माहीत होतं?”

“गावात आपण दोघंच गेलो होतो. पाकिटावर नंबर मीच टाकला.” तो नरखेड तालुक्यातल्या संत्र्याच्या बागाईतदाराचा मुलगा. सहसा मान खाली घालून बोलायचा. आज त्याने मान वर केली. “केसाला मी हात नाही लावला. पण आलेखात एक गोष्ट होती. मी तुम्हाला दाखवली होती.”

“कोणती?”

“जस्ताच्या शेजारचा उंचवटा.”

अस्मिताला आठवलं. फेब्रुवारीची ती सकाळ, इंदूरहून आलेला त्याचा फोन. त्यांना मिळालेली झोताची वेळ दोन तासांत संपणार होती आणि तीन नमुने शिल्लक होते. तो म्हणत होता, मॅडम, सतरामध्ये जस्ताचं दुसरं शिखर काही ठिकाणी फार उंच येऊन राहिलं. ती म्हणाली होती, यादीत धातू आहेत तेवढेच ठेव, सॉफ्टवेअर सांभाळून घेईल, पुढचा लाव.

“तो आलेख काढ,” ती आता म्हणाली. “पूर्ण काढ. यादी बाजूला ठेव.”

४

जस्त प्रत्येकाच्या केसात असतं. त्याची दोन शिखरं येतात, एक उंच आणि त्याच्या बाजूला एक ठेंगणं. त्या दोघांचं प्रमाण ठरलेलं असतं, दुसरं पहिल्याच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढं. माणूस बदलला तरी ते बदलत नाही.

सतरा नंबरच्या केसात ते तीन ठिकाणी बदललं होतं. तिथे ठेंगणं शिखर पहिल्याच्या निम्म्याला पोचलं होतं. बाकी सगळीकडे नेहमीसारखं.

“म्हणजे ते जस्त नाहीच,” ऋषिकेश हळू आवाजात म्हणाला. “दुसरं कोणी तरी त्याच जागी बसलं आहे. आपल्या यादीत त्याचं नाव नव्हतं, म्हणून सॉफ्टवेअरने सगळं जस्ताच्या खात्यात टाकलं.”

“त्याचं स्वतःचं दुसरं शिखर पुढे कुठे तरी असेल.”

त्याने आलेख पुढे सरकवला. जिथे कोणी बघितलंच नव्हतं, त्या रिकाम्या जागेत आणखी एक शिखर होतं. लहान, पण स्वच्छ. अस्मिताला धातूंच्या ऊर्जांचा तक्ता काढायची गरज नव्हती, तरी तिने काढला.

“प्लॅटिनम.”

बॅटऱ्या फोडणाऱ्या बाईच्या केसात प्लॅटिनम कुठून येणार? गावातल्या कोणाच्याच केसात ते येणार नव्हतं. अस्मिताला एकच वाट माहीत होती. कॅन्सरचं एक जुनं औषध आहे, शिरेतून देतात, त्याच्या गाभ्याशी हा धातू असतो. ते दिलं की सगळ्यांचे केस गळत नाहीत. राहिलेल्या केसात त्या दिवसाची खूण बसते.

“तीन पट्टे कुठे कुठे आहेत?”

“मुळापासून चार सेंटिमीटरवर, चार पूर्णांक सातवर आणि पाच पूर्णांक चारवर.”

दोन पट्ट्यांमध्ये सात मिलिमीटर. महिन्याला एक सेंटिमीटर धरलं, तर सात मिलिमीटर म्हणजे एकवीस दिवस. हे औषध बहुधा तीन-तीन आठवड्यांनीच देतात. केस जानेवारीच्या वीस तारखेच्या आसपास कापलेला असणार. तिथून चार सेंटिमीटर मागे गेलं की सप्टेंबरचा तिसरा-चौथा आठवडा येत होता. आणखी मागे सप्टेंबरची सुरुवात. आणखी मागे ऑगस्टचा दुसरा आठवडा.

“केस कोणा तरी बाईचा आहे,” ती म्हणाली. “वयाने मोठी. दिवाळीच्या सुमारास केस रंगवलेले, म्हणून मुळाकडचं तीन सेंटिमीटर पांढरं. आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तीन वेळा हे औषध घेतलेलं. ज्याने पाकीट बदललं, त्याच्या घरातली.”

“मिनल ऑगस्टमध्ये रजेवर होती,” ऋषिकेश चाचरत म्हणाला. “पोळ्याला.”

अस्मिताने रजेची वही मागवली. मिनलची रजा सलग आठ दिवसांची होती, एकदाच घेतलेली. ऋषिकेशने त्या दोन महिन्यांत एकही दिवस घेतला नव्हता. तिसऱ्या नावापुढे मात्र तीन नोंदी होत्या. अकरा ऑगस्ट, दोन दिवस. एक सप्टेंबर, दोन दिवस. बावीस सप्टेंबर, दोन दिवस. प्रत्येक वेळी मध्ये बरोबर एकवीस दिवस. कारणाच्या रकान्यात तिन्ही वेळा एकच शब्द होता, ‘घरगुती’. आणि तिन्ही नोंदींखाली मंजुरीची सही होती.

सही अस्मिताची होती. काय झालं, असं तिने एकदाही विचारलं नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुकुंदरावांच्या घरी गेली. दार त्यांच्या बायकोने, यमुताईंनी उघडलं.

अस्मिताने त्यांना पटकन ओळखलं नाही. गळ्याभोवती सुती ओढणी गुंडाळलेली, एक खांदा खाली ओघळलेला. केस पाठीवर मोकळे होते. कानाच्या वरपर्यंत पांढरे आणि तिथून पुढे काळे.

“अस्मिता? ये गं.” शब्द जाड येत होते, जिभेवर अडखळत होते. “मला वाटलं, तू विसरलीस.”

“यमुताई, मला काहीच माहीत नव्हतं.”

“ह्यांनी सांगितलं नाही? मी म्हणाले होते, कोणाला सांगू नका, पण अस्मिताला सांगा.” त्यांनी दम घेतला. “जिभेचा होता. आधी ऑपरेशन, मग तो किरणांचा शेक आणि तीन वेळा सलाईन. आता बरी आहे. हा हात तेवढा वर जात नाही. वेणी हेच घालतात. दिवाळीत केससुद्धा ह्यांनीच रंगवून दिले, भाऊबीजेला भाऊ यायचा होता ना.”

भिंतीवर विहंगचा फोटो होता. कोणाकडून तरी ढाल घेताना. मागच्या फलकावर कारखान्याचं नाव होतं, आणि त्याखाली ‘सुरक्षा सप्ताह’.

“विहंग तिथे काय करतो, यमुताई?”

“सेफ्टी ऑफिसर आहे. कोण कुठल्या शेडमध्ये गेलं, हवा कशी होती, सगळ्या कागदांवर त्याची सही लागते.”

स्वयंपाकघराच्या दारात मुकुंदराव येऊन उभे होते. एका हातात फणी, दुसऱ्या हातात तेलाची वाटी. त्यांनी अस्मिताकडे पाहिलं, मग बायकोच्या मोकळ्या केसांकडे, आणि वाटी जपून तिथल्या स्टुलावर ठेवली.

“केसावरून कळलं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“कसं? लांबी तीच होती. मुळाला दोरा मी तुमच्याच पद्धतीने बांधला होता.”

“यांचं औषध केसात उरलं होतं, मुकुंदराव. तिन्ही वेळचं.”

ते खाली बसले. यमुताई एकदा नवऱ्याकडे आणि एकदा अस्मिताकडे पाहत राहिल्या.

६

“विहंगने काही मागितलं नाही,” मुकुंदराव म्हणाले. “तेवढं लिहून घ्या. तो जेवताना एवढंच बोलला, की त्या बाईच्या केसात शिसं निघालं तर पहिली सही माझी आहे, बाबा. जेवला नाही नीट. ही तेव्हा नुकतं पातळ खायला लागली होती. मला वाटलं, आत्ताच कुठे एक संकट दारातून बाहेर गेलं आहे. दुसऱ्या दिवशी हिची वेणी घालताना म्हटलं, गुंता झालाय, कापतो. डोक्याच्या मागून, मुळाशी, एक बट.”

“बायका खरंच त्या शेडमध्ये जात होत्या?”

“विहंगला विचारलं मी. तो गप्प बसला.”

“आणि कामिनी?”

“तेव्हा ती जिवंत होती हो. मी म्हटलं, बाई तरुण आहे, काम सुटलंय, बरी होईल. कागदावर काय आलं, त्याने तिच्या दुखण्यात काय फरक पडतो?” त्यांचा आवाज बारीक झाला. “एप्रिलमध्ये कळलं. त्या दिवसापासून रोज ठरवतो, तुमच्या खोलीत जाऊन सांगायचं. दारापर्यंत येतो.”

“तिचे खरे केस?”

“फेकले नाहीत. तेहतीस वर्षांत एक नमुना फेकला नाही मी. कपाटात आहेत, त्या जास्तीच्या एकविसाव्या पाकिटात.”

अस्मिताने डोळे मिटले. केस होते, म्हणजे कामिनीचं म्हणणं अजून संपलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. राग आलाही, पण तो मुकुंदरावांपाशी थांबेना. पांढरं मूळ तिने पाहिलं होतं. उंचवटा तिला दाखवला गेला होता. तीन रजांवर तिने सह्या केल्या होत्या. यातल्या एका ठिकाणी जरी ती थांबली असती, तर फेब्रुवारीतच सगळं उघडं झालं असतं, आणि कामिनीने ते ऐकलं असतं.

“कोण होती ती?” यमुताईंनी विचारलं.

अस्मिताने सांगितलं. कामिनीचं वय सांगितलं, लुळी पडलेली मनगटं सांगितली, रुपराव कसा आला ते सांगितलं.

“तो केस माझाच, हे दाखवायला माझा केस लागेल ना?” शेवटी यमुताई म्हणाल्या.

“लागेल. पण तुम्ही नाही म्हणू शकता. तुमचं आजारपण चौकशीत सगळ्यांसमोर येईल. आणि विहंग…”

“कात्री आणा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या.

मुकुंदराव हलले नाहीत. मग उठले आणि कात्री घेऊन आले. अस्मिताने डोक्याच्या मागच्या बाजूने एक बारीक बट मुळाशी कापली, दोरा बांधला, पर्समधून एक पाकीट काढलं. मुकुंदरावांनी ते तिच्या हातातून घेतलं, खिशातलं पेन काढलं आणि सवयीने वरच्या कोपऱ्यात आकडा टाकायला वाकले.

“नंबर नको,” यमुताई म्हणाल्या. “नाव लिहा माझं.”

त्यांनी लिहिलं. पूर्ण नाव, स्वतःच्या नावासकट.

७

जूनच्या शेवटी इंदूरला पुन्हा झोताची वेळ मिळाली. या खेपेला अस्मिता स्वतः गेली. यमुताईंच्या बटेतले तीन पट्टे चार महिन्यांच्या वाढीइतके टोकाकडे सरकले होते, पण त्यांच्यातलं अंतर तेच होतं, सात मिलिमीटर. मग एकविसाव्या पाकिटातला केस लावला. मुळापासून पाच सेंटिमीटरपर्यंत शिसं जेमतेम होतं. तिथून पुढे आलेखातली रेघ चढत गेली. कामिनी कारखान्यात होती तो एकेक महिना त्यात दिसत होता, आणि टोकाला पोचेपर्यंत ती रेघ खाली आली नाही.

जुना रिपोर्ट मागे घेतल्याचं पत्र अस्मिताने स्वतः लिहिलं. मुकुंदरावांचा जबाब त्याला जोडला. शेवटी एक परिच्छेद घातला, की केसाचा पांढरेपणा आणि आलेखातली विसंगती या दोन्ही गोष्टी माझ्या नजरेस आल्या होत्या, आणि मी त्यांची चौकशी केली नाही. संचालक म्हणाले, एवढं लिहायची गरज नाही. तिने ते काढलं नाही. कामिनीची तक्रार पुन्हा उघडली. बॅटऱ्या फोडायची शेड बंद झाली, तिथल्या बायकांची रक्ततपासणी सुरू झाली. मुकुंदराव निलंबित झाले, निवृत्तीला चार महिने उरले असताना. विहंगने चौकशीपुढे खोट्या कागदांवरच्या सगळ्या सह्या कबूल केल्या. यमुताईंनी त्याला काय सांगितलं होतं, ते कोणाला कळलं नाही.

मग ती रुपरावच्या गावी गेली. तो दुकानात एका फाटकाला जोड देत होता. तिला पाहून त्याने यंत्र बंद केलं, चेहऱ्यावरची काच वर केली आणि बसायला लोखंडी स्टूल दिलं.

तिने आलेख त्याच्यासमोर धरला आणि रेघ कशी वाचायची ते सांगितलं. हे काम सोडलं तेव्हाचं. हे त्याच्या आधीचं. हे ती शेडमध्ये होती तेव्हाचं.

“म्हंजे खरं सांगत होती ते,” तो म्हणाला.

“हो. प्रत्येक शब्द.” अस्मिताने कागद खाली ठेवला. “रुपराव, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं. ते पांढरं मला फेब्रुवारीतच दिसलं होतं. मी विचार केला नाही. तेव्हा केला असता, तर कामिनीला हे कळलं असतं.”

तो रागावेल, जा म्हणेल, अशी तिची तयारी होती. ते तिला चाललं असतं. तो आलेखाकडे पाहत राहिला.

“तुमचा रिपोर्ट आला ना, मार्चमध्ये,” तो म्हणाला, “त्या दिवशी म्या तिले म्हटलं, आता तं उठ वं. इंदूरच्या मोठ्या मशीनीनं सांगतलं, तुले काही नाही झालं. किती दिवस निजून राहशील?”

त्याने हातमोजा काढून मांडीवर ठेवला.

“काहीच नाही म्हणली ते. उठली. मनगट धरून धरून तिनं भाकरी केल्या. मी जेवलो.”

त्याने कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. रस्त्यावरून एसटी गेली. दोघं बसून राहिले. फाटकाचा अर्धा जोड निवत होता, आणि त्यांच्यातलं कोणीच उठायला तयार नव्हतं.